फाइल वाचन-लेखनाचे प्रकरण आणि ‘इंदूर’चे पंधरा बाइट्स

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या 17 व्या आवृत्तीची (जावा 17) प्रमाणपत्र परीक्षा मी दिली, तेव्हा 90 मिनिटांत 50 प्रश्न सोडवायचे होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी 68 टक्के गुण लागत होते. इंदूरला रामबागेतल्या घरी रात्री बसून मी बाकीची प्रकरणे पूर्ण केली. फाइल वाचन-लेखनाचे प्रकरण मात्र तीनदा वाचूनही पक्के होईना. जावातल्या क्लासची, म्हणजे तयार कोडच्या साच्यांची, नावे पाठ झाली होती, पण कच्चे बाइट्स वाचणारा इनपुटस्ट्रीम कुठे वापरायचा आणि अक्षरचिन्हे वाचणारा रीडर कुठे, हे उमगत नव्हते.

शेवटी बाबांनी टंकून ठेवलेली गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी मी सरावाला घेतली. फाइलरीडर या रीडरने ती उघडताच नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटली. यादी यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइट्समध्ये साठवण्याच्या एका पद्धतीत, होती आणि एन्कोडिंग सांगितले नाही तर जावा 17 संगणकाचे स्वतःचे एन्कोडिंग गृहीत धरते. सर्वत्र यूटीएफ-8 धरण्याची पद्धत जावा 18 पासूनची आहे. मग मी ‘इंदूर’ हा एकच शब्द घेऊन बसलो. आपल्याला त्यात तीन अक्षरे दिसतात, रीडर मात्र अनुस्वार आणि ऊकार वेगळे धरून पाच चिन्हे वाचतो, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट्स लागत असल्यामुळे इनपुटस्ट्रीम पंधरा बाइट्स देतो. आपल्या लिपीत हा फरक जितका स्वच्छ दिसतो, तितका इंग्रजी उदाहरणांत दिसूच शकत नाही, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर गणपतीच्या छायाचित्राची प्रत काढून पाहिली, तर नवी फाइल रिकामी निघाली. इनपुटस्ट्रीमची रीड ही मेथड, म्हणजे एकेक बाइट वाचणारी क्रिया, 0 ते 255 पर्यंतची संख्या इंट या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात देते आणि फाइल संपली की उणे 1 देते. मी ती संख्या बाइट प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली होती, ज्यात 255 चा उणे 1 होतो. जेपेग फाइलचा पहिलाच बाइट 255 असतो, त्यामुळे फाइल संपली असे समजून वाचनाचा लूप तिथेच थांबला.

पाथचा, म्हणजे फाइलच्या पत्त्याचा, भाग एका रविवारी झाला. पत्ता नुसता सरळ करणारी नॉर्मलाइझ मेथड डिस्ककडे पाहत नाही, खरा पत्ता शोधणारी टूरिअलपाथ पाहते, एवढे ध्यानात ठेवले की बरेच प्रश्न सुटतात.

परीक्षेत मला 74 टक्के मिळाले. सिरियलायझेशनचा, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवून परत वाचण्याचा, एक प्रश्न चुकला असावा, कारण पॅरेंट क्लास (ज्यावरून दुसरा क्लास बनतो तो) सिरियलायझेबल नसेल तर ऑब्जेक्ट परत वाचताना त्या पॅरेंट क्लासचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट घडवणारा कोड, चालतो, हे मी घरी येऊन त्याच यादीवर करून पाहिले तेव्हाच मला समजले.