तेल माझ्या पिशवीत होतं

मी चर्च ऑफ इंग्लंडची दीक्षित पाळक. इंग्लंडमधल्या एका इस्पितळात चॅपलेन, म्हणजे रुग्णांसाठी नेमलेली पाळक आहे. रात्री आम्हाला फोन येतो तो बहुधा कुणीतरी शेवटच्या घटका मोजत असल्याचा.

त्या रात्री माझी पांढरी कॉलर पाहून आजोबा थबकले. मग अतिशय सभ्यपणे म्हणाले, "तुमचा अपमान करायचा नाही मला. पण मला पापकबुली द्यायची आहे, आणि ती तुमच्यापाशी देता येणार नाही." बाईला पाळक होता येत नाही, असं मानणाऱ्यांपैकी ते होते.

पुरुष सहकाऱ्याला बोलावलं की झालं, असं बाहेरच्यांना वाटेल. पण त्याला दीक्षा दिली होती आमच्या स्त्री बिशपनी, म्हणजे आजोबांच्या लेखी त्याचं पाळकपदही शंकास्पद. इतकंच काय, आजाऱ्यांना लावायचं माझ्याकडचं तेलही पवित्र सप्ताहात त्यांनीच आशीर्वादित केलेलं. आजोबांच्या विचाराच्या मंडळ्या तेलसुद्धा आपल्या वेगळ्या बिशपकडून आणतात. याला मी हट्ट म्हणणार नाही. मरताना माणसाला क्षमेबद्दल शंका नको असते.

1992 साली सिनॉडने, म्हणजे आमच्या चर्चच्या सर्वोच्च सभेने, स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यायला मंजुरी दिली, 1994 मध्ये ब्रिस्टलला पहिल्या 32 जणी पाळक झाल्या. 2014 मध्ये बिशपपदही खुलं झालं, आणि सोबत पाच तत्त्वं आली. त्यांनुसार माझी दीक्षा खरी, आणि ती न स्वीकारणारा माणूसही अस्सल अँग्लिकन, म्हणजे आमच्याच चर्चचा. पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, कौन्सिलला ठराव करून वेगळ्या बिशपची सोय मागता येते. इस्पितळातल्या खाटेला कुठली आलीय कौन्सिल?

आजोबांना चालतील अशा पाळकांची आमच्याकडची फोनयादी जुनाट. एक नंबर निवृत्त झालेल्याचा, दुसरा बदली झालेल्याचा. असल्या याद्या ताज्या ठेवणं हे कुणालाच आपलं काम वाटत नाही. शेवटी आजोबांनीच आपल्या चर्चचं नाव सांगितलं, तिथले व्हिकर, म्हणजे मुख्य पाळक, लगेच निघाले. अंतर मात्र बरंच होतं.

आजोबांची मुलगी माझ्यावर चिडली. "प्रीस्ट समोर उभी आहे, आणि बाबांनी वाट बघायची?"

थोड्या वेळाने आजोबांची शुद्ध हरपली.

"तेव्हा लावायचंस ना तेल, त्यांना कुठे कळणार होतं?" असं एक सहकारी नंतर म्हणाला. मला संताप आला. शुद्धीत असताना नाकारलेलं बेशुद्धीत लादायचं? मग वर्षानुवर्षं आम्ही रुग्णाच्या संमतीबद्दल बोलतो ते कशाला? मी बायबलमधलं 121वं स्तोत्र वाचलं. ते वाचायला दीक्षा लागत नाही.

व्हिकर आले. त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले, तेल लावलं. प्रभूची प्रार्थना मला सुरू करायला सांगितली. मी केली. पहाटेआधी आजोबा गेले.

मला नाकारलं याचं दुःख जुनं आहे, ते मी सोबत घेऊनच काम करते. हे वेगळं आहे. आजोबांना काहीतरी बोलायचं होतं, ते बोलायचं राहून गेलं. सैद्धांतिक मतभेदापायी नव्हे, चुकीच्या दोन फोन नंबरांपायी.

आता प्रत्येक वॉर्डात अशा पाळकांचे चालू नंबर असावेत, असा प्रस्ताव मी दिलाय. एका ज्येष्ठ सहकारिणीचा त्याला ठाम विरोध आहे: "आपल्याला नाकारणाऱ्यांची सोय आपणच करायची?" दीक्षेसाठी तिनं अर्धं आयुष्य वाट पाहिली आहे; तिला चूक म्हणायला माझी जीभ धजत नाही. प्रस्ताव मात्र मी मागे घेतलेला नाही.