शिकागोचे युनिफाइड्स: सगळा घात कागदात

गळा चांगला असला की निभावतं, असं जो तो सांगतो. साफ चूक. तोकड्या तालमीवर अमेरिकेत म्युझिकल थिएटरच्या (गाणं, नाच, अभिनय) बीएफए पदवीच्या प्रवेशाला उभं राहणाऱ्यांची दांडी उडते ती पियानोपाशी, तोंड उघडायच्याही आधी.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात, न्यूयॉर्क, शिकागो नाहीतर लॉस एंजेलिस; एकाच शहरात बऱ्याच कॉलेजांच्या ऑडिशन उरकतात, यांनाच युनिफाइड्स म्हणतात. त्याआधी प्रीस्क्रीनचे, म्हणजे पहिल्या चाळणीचे, व्हिडिओ. फोन आडवा, सात-आठ फुटांवर, ट्रॅक (गाण्याची तयार वाद्यसाथ) वेगळ्या स्पीकरवर, आवाजाखाली दबलेला. एवढं पुरतं.

फसगत इथेच होते. ट्रॅक घरच्या सवयीचा, दर वेळी तसाच वाजणारा. खोलीतला पियानोवादक मात्र कागदावर आहे तेच वाजवतो, आणि तो कागद तो आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो. ट्रॅक दोन सुरांनी खाली उतरवून सराव केला आणि नोटेशन मूळ पट्टीतलंच नेलं, तर वरचा सूर फाटणारच. नुसते कॉर्ड लिहिलेला कागद नेऊच नका. फोटोकॉपीत खालची ओळ कापली जाते, म्हणजे डाव्या हाताचं सगळं गेलं. प्रत्येक पान तपासा. कट (गाण्यातला निवडलेला तुकडा) पानाच्या मधून सुरू होत असेल तर तालाचा आकडा तिथे हाताने लिहा, कारण तो दर ओळीला छापलेला नसतो. 3/4 चं गाणं 4/4 मध्ये सुरू होतं ते यामुळेच. गाळलेला भाग पेन्सिलीने खोडून भागत नाही, कापून चिकटवा. पानं पाठपोट, न चमकणाऱ्या कव्हरात, फायलीत. सुटी पानं स्टँडवरून घसरतात.

पियानोपाशी: नमस्कार, गाण्याचं नाव, सुरुवात कुठे, शेवट कुठे. मग पहिली ओळ हळू गुणगुणून लय द्या. चुटक्या वाजवू नका. त्या घाबरलेल्या हाताने नेहमी जलद पडतात, शिवाय उद्धट वाटतात.

'32 बार' (बार म्हणजे तालाचा एक गट, 4/4 मध्ये चार ठोक्यांचा) या मोजमापावर विसंबू नका. 4/4 मध्ये मिनिटाला 120 ठोक्यांनी ते 64 सेकंदांत संपतात, 60 ठोक्यांनी 128 सेकंद लागतात. घड्याळ लावूनच कट करा. 16 बारचा वेगळा कट तयार ठेवा. ऐनवेळी तोच मागतात. जुनं गाणं मागतात तेव्हा ते नेमकं कोणत्या सालाआधीचं, ही रेघ कॉलेजागणिक बदलते.

नाचाचं भय अवाजवी आहे. प्लिए, तांद्यू, शासे, पा द बुरे ही बॅलेच्या हालचालींची नावं कानावर पडताच पाय हलले पाहिजेत. त्याला चार महिने, आठवड्यातून दोनदा नवशिक्यांचा बॅले वर्ग पुरे. दुहेरी गिरकीचा हट्ट नको. एक, पण तोल न जाता.

मोनोलॉग (एकपात्री उतारा) छापील नाटकातलाच, 60 ते 90 सेकंद. नजर परीक्षकांच्या डोक्यावरून.

'प्रवेशाची हमी' छापाची महागडी कोचिंग पॅकेजं म्हणजे निव्वळ लूट. त्याऐवजी पियानोवादकाचा एक तास विकत घ्या, तुमची फाईल त्याच्यापुढे ठेवा आणि काही न बोलता वाजवायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे खोलीतलाही अडखळणार.

शिकागोत बाहेर गोठवणारी थंडी, आत हीटरची कोरडी हवा. रात्री खोलीत ओला टॉवेल टांगा. काही कॉलेजं आयत्या वेळीही ऐकून घेतात, म्हणून फोटोच्या पाच-सहा प्रती जादा ठेवा: 8×10 इंच, मागे त्याच मापाला कापलेला रेझ्युमे, चारी कोपऱ्यांना स्टेपल.