पंधरा सेकंदांचा आशीर्वाद
आज दिवसभर तोच वाद कानावर: पोप फ्रान्सिस यांनी समलिंगी लग्नांना मान्यता दिली. दिली नव्हती हो! व्हॅटिकनचं १८ डिसेंबर २०२३ चं निवेदन, ‘फिदुचिया सुप्लिकान्स’, नीट वाचा. जोडप्याने मागितला तर धर्मगुरूला साधा आशीर्वाद देता येईल, एवढंच. ठरलेला विधी नाही, लग्नाचे कपडे नाहीत, नोंदणीच्या सोहळ्याला जोडून तर मुळीच नाही. वाद पेटल्यावर ४ जानेवारीला व्हॅटिकनने वेळही सांगितली: दहा-पंधरा सेकंद. तरी आठवड्याभरात आफ्रिकेतल्या बिशपांनी त्यांच्या परिषदेचे प्रमुख कार्डिनल अंबोंगो यांच्या सहीने कळवलं, आमच्याकडे हे योग्य ठरणार नाही. जर्मनीत मात्र स्वागत झालं. खरी अडचण अशी, की आशीर्वाद माणसांना आहे की नात्याला, हे बघणाऱ्याला तेवढ्यात कळणार कसं? मला तरी, मान खाली घालून समोर उभ्या राहिलेल्यांना परत पाठवणं पटत नाही.