दिव्याचा कान

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका सकाळी गाडीचा डावा दिवा मला किंचित आत गेल्यासारखा वाटला. रात्री कोणीतरी स्कूटर काढताना तिचे हँडल त्याच्यावर आपटले असावे. ज्याने आपटले त्याने चिठ्ठी ठेवली नव्हती आणि रखवालदाराने नेहमीप्रमाणे काहीच पाहिले नव्हते. दिव्यावर साधा ओरखडाही नव्हता. अप्पर लागत होता, डिपर लागत होता, दिवसा पेटणारी पांढरी पट्टीसुद्धा पूर्वीसारखीच ऐटीत पेटत होती. फक्त बोट लावले की अख्खा दिवा सैल झालेल्या दातासारखा हलत होता.

सेवा केंद्रात बंपर उतरवल्यावर दुखणे कळले. दिवा ज्या ठिकाणी स्क्रूने गाडीच्या सांगाड्याला आवळलेला असतो, तिथला प्लास्टिकचा कान तुटला होता. अंगठ्याच्या नखाएवढा तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवून तिथल्या तरुणाने मला अंदाजपत्रक दिले. दिवा २२,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,९६०, मजुरी करासह १,४१६, एकूण २७,३७६. हा कान सुटा मिळत नाही का, असे मी विचारले, तेव्हा तो इतक्या अदबीने ‘‘नाही सर, पूर्ण असेंब्लीच येते’’ म्हणाला, की असा प्रश्न विचारल्याबद्दल मलाच ओशाळल्यासारखे झाले.

असेंब्ली हा शब्द माझ्या कानांना अजून सरावाचा नाही. माझ्या पहिल्या मारुती ८०० ला दिवा होता आणि दिव्यात बल्ब होता. एका पावसाळी रात्री खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी तिचा एक डिपर गेला. एका दिव्याची गाडी समोरून येणाऱ्याला मोटारसायकल वाटते आणि तो निर्धास्तपणे अंगावर येतो, म्हणून वडिलांनी मला तिथेच गाडी बाजूला घ्यायला लावली. बॉनेट उघडून त्यांनी तीन पायांचा कपलर ओढला, रबरी टोपी सोलली, तारेची चाप सोडवली आणि बल्ब काढून कानाजवळ हलवून पाहिला. आत तुटलेली तार बारीक किणकिणली. डिकीतला नवा बल्ब मात्र त्यांनी हातरुमालात धरूनच बसवला, कारण हॅलोजनच्या काचेला बोटाचे तेल लागले की ती तेवढ्याच जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. साठ-पंचावन्न वॅटचा तो बल्ब, साठ अप्परला नि पंचावन्न डिपरला; पाच मिनिटांचे काम आणि शे-सव्वाशे रुपयांचा खर्च. तसला बल्ब आजही तीन-चारशे रुपयांत येतो, पण तो बसवायला माझ्या गाडीत जागा उरलेली नाही.

ही स्वस्ताई बल्बइतकीच सारखेपणाचीही होती. अमेरिकेत १९४० पासून मोटारींच्या दिव्यांचे माप आणि आकार नियमानेच ठरवून दिलेले होते. सुरुवातीला सात इंची गोल दिवा, पुढे आणखी मोजके दोन-चार आकार. त्यामुळे गाडी लाखाची असो वा हजाराची, तिचा दिवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे. १९८३ मध्ये तो नियम सैल झाला आणि कंपन्यांनी दिव्याला हवा तसा आकार द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे असा दंडक नव्हता, तरी ट्रक, जीप आणि अँबेसिडर यांच्या गोल डोळ्यांत फारसा फरक नसे. आता प्रत्येक गाडीचे डोळे निराळे, कोणाचे रागीट, कोणाचे पेंगुळलेले, आणि नव्या मॉडेलबरोबर तेही बदलतात. दिवा हा गाडीचा चेहरा झाला, आणि चेहरा काही किरकोळीत मिळत नाही.

त्या तरुणाची बाजूही मला पटत नव्हती असे नाही. एलईडीच्या दिव्यात तो इवलासा प्रकाशबिंदू, त्याची उष्णता शोषणारी ॲल्युमिनियमची पन्हाळी, विजेवर लगाम ठेवणारे सर्किट आणि भिंग हे सगळे असते, आणि आत पाणी-धूळ शिरू नये म्हणून पुढचे आवरण चिकटवून कायमचे बंद केलेले असते. एवढ्या गोष्टींना पैसे पडणारच. माझी तक्रार इतकीच होती, की यांतले काहीही बिघडलेले नव्हते. वर्षानुवर्षे जळण्याची हमी असलेला दिवा एका कानापायी भंगारात निघाला होता.

मग विम्याची आठवण झाली. गाडी सातव्या वर्षात असल्याने झीज न कापण्याची सवलत संपली होती, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत कापतात. गंमत अशी, की काचेच्या भागांना ही कपात मुळीच नाही. म्हणजे दिव्याचे तोंड जुन्या काळासारखे काचेचे असते, तर निदान वाद घालायला जागा होती! रात्री कागद घेऊन बसलो. दिव्याचे निम्मे १२,९८०, त्यात मजुरी मिळवायची आणि दाव्यात आपणच सोसायचे सक्तीचे हजार वजा करायचे, हाती १३,३९६. पण दावा केला की पन्नास टक्क्यांवर पोचलेला माझा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येणार, आणि २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा पन्नासला पोचेपर्यंत, माझ्या गाडीचा मूळ हप्ता दहा हजार धरला, तर मी एकूण साडेबारा हजार जादा भरणार. पाच वर्षांत निव्वळ लाभ ८९६ रुपये, आणि त्यासाठी अर्ज, फोटो, सर्व्हेअरची वाट पाहणे. कागदाची घडी करून मी झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी नाना पेठ गाठली. गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या दाटीत एका मेस्तरींनी तुटका कान उजेडात धरून पाहिला आणि ‘‘फेकला नाहीत ते बरं केलंत, साहेब’’ म्हणाले. सोल्डरिंगची तापलेली सळई, स्टीलच्या बारीक जाळीचा एक तुकडा आणि कुठल्याशा जुन्या बंपरची काळी चिंधोटी एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम आरंभले. जाळी वितळत्या प्लास्टिकमध्ये रुतत गेली, जळक्या वासाने डोळे चुरचुरले, आणि तासाभरात कान जागेवर बसला. थोडा जाडसर, कुस्तीगिराच्या कानासारखा, पण घट्ट. ६०० रुपये झाले.

त्यांनी मला दिवेलागणीपर्यंत थांबवून घेतले, कारण हललेला दिवा नुसता बसवून भागत नाही, त्याची नजरही जुळवावी लागते. समोरच्या बंद दुकानाच्या भिंतीवर डिपर टाकून ते स्क्रू-ड्रायव्हरने दिव्यामागची दातेरी चकती एकेक घर फिरवत राहिले. डावा झोत आधी दुकानाच्या पाटीवर चढला होता. तो हळूहळू उतरत उजव्याच्या ओळीत आला. मेस्तरींनी बॉनेटवर दोनदा थाप मारली. भिंतीवरची प्रकाशाची कड हलली नाही.