स्टुबेनव्हिलचा कॅचर, कॅडिझचा टॉकीजवाला

पिट्सबर्गला भाच्याकडे महिनाभर मुक्काम होता. त्याला बेसबॉलचं भारी वेड. रात्री जेवताना तो जुन्या खेळाडूंच्या गोष्टी काढायचा. जॉन वॉर्डनं 1880 मध्ये एका सामन्यात समोरच्या एकाही फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत पोचू दिलं नाही आणि पुढं खेळता खेळता कायद्याची पदवी घेतली. बुशाँग नावाचा कॅचर, म्हणजे आपल्या भाषेत विकेटकीपर, दातांचा डॉक्टर होता. बिली संडे खेळ सोडून धर्मोपदेशक झाला, तर जॉन टेनर चक्क पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर. मी कौतुकानं ऐकत होते. मग तो म्हणाला, "मावशी, एकानं तर सिनेमाच्या रिळासाठी पेटंट घेतलं होतं."

माझा हात ताटातच थांबला. माझे वडील जन्मभर टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी केबिनमध्ये जायची. आत कार्बनचा वास, भट्टीसारखा उकाडा आणि दोन मशिनी. वरचं रीळ संपत आलं की भराभरा फिरायला लागतं, त्याचा आवाज बदलतो. अण्णा माझ्याशी बोलत असले तरी त्यांचा कान त्या आवाजाकडे असायचा. एखाद्या वेळी चुकलं तर पडदा पांढराफटक, खाली शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. त्यामुळे रीळ संपण्याआधी सूचना मिळावी असं यंत्र कुणी 1920 साली तयार केलं होतं म्हटल्यावर त्या माणसाचं गाव बघितल्याशिवाय मला चैन पडेना. त्याचं नाव मोझेस फ्लीटवूड वॉकर, एकोणिसाव्या शतकातला कृष्णवर्णीय बेसबॉलपटू.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. सकाळी निघालो. पिट्सबर्गहून पश्चिमेला जाणारा 22 नंबरचा रस्ता धरायचा, वेस्ट व्हर्जिनियाची चिंचोळी पट्टी ओलांडायची, वेअरटनचे पोलाद कारखाने मागे टाकायचे, की समोर ओहायो नदी. पुलापलीकडे स्टुबेनव्हिल. जेमतेम तासाभराचा रस्ता, पण झाडं अशी पेटल्यासारखी लाल-पिवळी झालेली, की दोनदा गाडी थांबवायला लावली.

गाव उतारावर वसलेलं. पोलादाचे चांगले दिवस सरल्याचं जागोजागी दिसतं, बंद दुकानांच्या भिंतींवर मात्र मोठमोठी चित्रं रंगवली आहेत. वॉकर याच गावात वाढला. जन्म इथून जवळच माउंट प्लेझंटला, 7 ऑक्टोबर 1856 चा. 2017 मध्ये ओहायो राज्यानं हा दिवस त्याच्या नावानं पाळायचा कायदा केला. वडील डॉक्टर. मुलगा ओबर्लिन कॉलेजात शिकला, मग मिशिगन विद्यापीठात गेला. त्या काळी कृष्णवर्णीयच काय, किती गोऱ्या खेळाडूंनी कॉलेजचं तोंड पाहिलं होतं!

युनियन सेमेटरी टेकड्यांमध्ये पसरलेली आहे. थडगं सापडायला वेळ लागला. 1924 मध्ये वॉकर गेला, पण त्याच्या नावाचा दगड इथे बसला तो 1990 च्या सुमारास, ओबर्लिनच्या लोकांनी बसवला म्हणून. साठ-पासष्ट वर्षं इथे नुसतं गवत होतं. मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या दर्जाच्या बेसबॉलमधला, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, असं त्या दगडावर कोरलंय. दगडाशी कुणी तरी बेसबॉल ठेवला होता. पावसानं भिजून त्याची शिवण उसवली होती.

भाच्यानं तो चेंडू उचलून माझ्या हातात दिला. "दाबून बघ." क्रिकेटच्या चेंडूइतकाच टणक. वॉकर कॅचर होता, आणि त्या काळी कॅचरचे हात बहुतेकदा उघडेच असत. फार तर पातळ चामड्याचे हातमोजे. त्यात 1884 साली टोलेडोच्या संघात त्याच्यासमोर टोनी मुलेन हा पिचर, म्हणजे गोलंदाज. कॅचरनं खुणेनं सांगायचं आणि पिचरनं तसा चेंडू टाकायचा, ही रीत. मुलेननं पुढे स्वतःच कबूल केलं, की वॉकर हा आपण पाहिलेला सर्वांत चांगला कॅचर, पण तो काळा म्हणून आपण त्याच्या खुणा मानत नसू, मनाला येईल तसा चेंडू टाकत असू. म्हणजे पुढचा चेंडू कसा येणार हे ठाऊक नसताना हा माणूस उघड्या हातांनी तो झेलत होता. मी तिथेच माझे तळवे पालथे-उलथे करून बघितले. बोटं किती वेळा मोडली असतील त्याची!

त्या मोसमात तो 42 सामने खेळला, दुखापती झाल्या, संघानं सोडून दिलं. मेजर लीगमधली कारकीर्द तेवढीच. खालच्या लीगमध्ये तो 1889 पर्यंत खेळला. मधेच, 1887 च्या जुलैत, यातल्याच इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठरवून टाकलं, की कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. मेजर लीगचं दार पुन्हा उघडलं ते 1947 मध्ये, जॅकी रॉबिन्सनसाठी.

वॉर्ड, टेनर यांच्या कथांशी ही कथा जोडताना मला म्हणूनच अडखळायला होतं. त्यांच्यापुढे दुसरे रस्ते खुले होते, ते त्यांनी निवडले. वॉकरला मैदानातून बाहेर काढलं गेलं. आणि बाहेरही त्याच्या वाट्याला सरळ रस्ता आला नाही. 1891 मध्ये सिरॅक्यूजला रस्त्यात झालेल्या मारामारीत त्याच्या हातून एक माणूस मेला. खटला चालला, ज्युरीनं निर्दोष सोडलं. त्याच वर्षी त्याला तोफगोळ्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. 1898 मध्ये टपालातले पैसे चोरल्याबद्दल वर्षभर तुरुंगात राहिला. बाहेर आल्यावर भावाबरोबर याच स्टुबेनव्हिलमध्ये हॉटेल चालवलं, वर्तमानपत्र काढलं. 1908 मध्ये एक पुस्तिका लिहिली: अमेरिकेत आपल्याला बरोबरीनं कधीच वागवणार नाहीत, तेव्हा आफ्रिकेत परत जावं, असं तिचं म्हणणं. ज्या माणसानं गोऱ्यांच्या कॉलेजात, गोऱ्यांच्या संघात जागा मिळवून दाखवली, त्यानं हे लिहावं! मला ते वाचून त्याचा राग आला नाही, पोटात तुटलं.

दुपारी कॅडिझला गेलो. पश्चिमेला अर्ध्या तासावर, टेकडीवरचं टुमदार गाव. मधोमध घुमटाचं कोर्ट, त्याच्यासमोर जॉन बिंगहॅमचा पुतळा. अमेरिकेच्या घटनेतल्या चौदाव्या दुरुस्तीत ‘कायद्याचं समान संरक्षण’ हे शब्द आणणारा बिंगहॅम याच गावचा. आपल्या घटनेच्या कलम 14 मध्ये हेच शब्द आहेत, ते इथूनच आलेले. मी पुतळ्यापाशी बराच वेळ उभी राहिले. कारण 1904 मध्ये वॉकरनं याच गावातलं ऑपेरा हाऊस चालवायला घेतलं. पुतळा 1901 पासून इथे आहे, म्हणजे कामाला येता-जाता तो रोज त्याच्या नजरेला पडत असणार.

ऑपेरा हाऊसमध्ये नाटकं, गाणीबजावणी आणि नव्यानं आलेले मूकपट. बायको एड्नाही कामात बरोबरीनं असायची. त्या काळचं रीळ साधारण हजार फुटांचं, दहा-पंधरा मिनिटांत संपणारं, आणि फिल्म अशी की ठिणगी पडली तर भडका. 1920 मध्ये त्याला रिळाबद्दलची तीन पेटंटं मिळाली. एक रिळाच्या रचनेचं, एक फिल्मचं टोक रिळाला पक्कं अडकवण्याचं, आणि एक इशारा देणाऱ्या यंत्राचं. नुसत्या टेबलाशी बसून हे सुचत नाही. टोक सुटून फिल्म जमिनीवर सांडली, घाईघाईत बोटं भाजली, खाली लोक ओरडले, की मग सुचतं. 63 वर्षांचा होता तेव्हा. त्याच वर्षी एड्ना गेली. पुढे थिएटर विकून तो क्लीव्हलंडला गेला आणि तिथेही थिएटरच सांभाळलं.

कोर्टासमोरच्या बाकावर बसून डब्यातले धपाटे खाल्ले. भाच्यानं मोबाइलवर पेटंटची चित्रं काढून दिली. बारीक रेघा, प्रत्येक भागाला आकडा, आणि वर नाव, एम. एफ. वॉकर. मी ती तशीच अण्णांना पाठवली, सोबत दोन ओळीत हकीकत. तिकडे रात्र झाली होती, वाटलं झोपले असतील. परतीच्या वाटेवर नदीचा पूल ओलांडत होतो तेव्हा त्यांचा आवाज आला, खोकत खोकत रेकॉर्ड केलेला.

"चित्र मोठं करून पाठव. आणि शेवटी किती फूट उरल्यावर ते यंत्र इशारा देतं ते बघून सांग."

गाडी पिट्सबर्गला पोचेपर्यंत मी पेटंटचा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचत बसले.