बिनकामाचे फोटो

फोनची गॅलरी उघडून बघा एकदा. लाइट बिल, औषधाच्या पट्टीची मागची बाजू, पार्किंगमधला खांबाचा नंबर, कुणाचं तरी आधार कार्ड (पुढून आणि मागून), किराणाची यादी, वॉशिंग मशीनवर आलेला एरर कोड जो मेकॅनिकला पाठवायचा होता आणि पाठवून झाला तरी तिथंच पडलाय. माझ्या गॅलरीत असे कामाचे फोटोच जास्त, उरलेल्यात भाच्याचं बारसं आणि लोकांनी पाठवलेले गुड मॉर्निंग. फोन म्हणजे खिशातलं झेरॉक्स मशीन झालंय. तक्रार नाही, सोयच आहे, पण त्या गर्दीत रिकामपणी काढलेला एखादा फोटो शोधायला गेलं की सापडत नाही, आणि सापडला तरी तो काढताना मजा आली होती की नाही हे काही आठवत नाही.

म्हणून बिनकामाच्या फोटोंसाठी वेगळा कॅमेरा ठेवलाय. कॅननचा पॉवरशॉट ए ५९०, २००८ सालचं मॉडेल, आठ मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालतो. तेव्हा घरोघरी असलेच कॅमेरे असायचे, सहलीला निघताना आई पिशवीत चिवडा भरायची आणि बाबा सेल भरायचे. २०१० साली जगभरात बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे विकले गेले म्हणतात, त्यातले बहुतेक असे खिशात मावणारे. मग फोन आले आणि हे सगळे कपाटात गेले. आता कॉलेजची पोरं तेच कॅमेरे हुडकत फिरतायत, ऑनलाइन भाव बघितला की आपण हे भंगारात दिलं नाही याचं बरं वाटतं.

ह्या कॅमेऱ्याची पहिली मजा बटणात आहे. फोनवर आपण काचेवर बोट टेकवतो, इथं खरं बटण आहे आणि त्याला दोन टप्पे आहेत. अर्धं दाबायचं, भिंग गुर्र करून पुढं-मागं होतं, हिरवी चौकट येते, पिक पिक वाजतं, मग उरलेलं अर्धं दाबायचं. त्या दोन अर्ध्यांच्या मधे जो वेळ असतो ना तो फार भारी असतो. समोरचा माणूस हसायचं थांबतो, मांजर तोंड फिरवतं, रिक्षा आडवी येते, आणि आपण बोट तसंच धरून वाट बघतो की आता काय होतंय. फोनवर मी कधीच वाट बघत नाही, दहा काढून ठेवतो आणि नंतर निवडू म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही.

आणि फ्लॅश मारला की परत चार्ज होईपर्यंत काही सेकंद गप बसायचं, सेल उतरत आले असतील तर आणखी जास्त. पण १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तेव्हा एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला तेवीस सेकंद लागायचे, आणि फोटो कसला तर शंभर बाय शंभर ठिपक्यांचा, काळापांढरा. त्या मानाने आमचं घोडं पळतंय म्हणायचं.

सेलचं एक वेगळंच प्रकरण. साधे अल्कलाइन सेल हा कॅमेरा बघता बघता पितो आणि लाल खूण दाखवून मोकळा होतो. पण ते सेल मेलेले नसतात बरं का, कॅमेऱ्याला एका दमात जास्त करंट लागतो तेवढा ते देऊ शकत नाहीत इतकंच. कॅमेऱ्याने नाकारलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात घातले की निवांत काही महिने चालतात, आमच्या घरात ही पद्धत जुनी आहे, आधी कॅमेरा, मग रिमोट, मग घड्याळ. आता मी चार्जिंगचे सेल वापरतो, २००५ मध्ये सान्योने एनेलूप नावाचे सेल काढले तेव्हापासून हे एक बरं झालं की भरून ठेवलेले सेल महिनाभर पडून राहिले तरी रिकामे होत नाहीत. त्याआधीच्या चार्जिंगच्या सेलांना तो गुण नव्हता, रात्री भरायचे आणि सकाळी पळायचं.

मी राहतो कोल्हापुरात, जिथं खरी कॉर्नरला चक्क कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथंच स्वतः बनवला, त्याची ती आठवण. लोक त्याला वळसा घालून भाजी आणायला जातात, मीही जातो, पण खिशात कॅमेरा असला की उगाच मान वर होते.

संध्याकाळी मात्र रंकाळा तलाव. चौपाटीवर उभं राहिलं की समोर पाण्यापलीकडं सूर्य उतरत असतो आणि कॅमेरा त्याच्याकडं धरला की पडद्यावर सूर्यातून वरपासून खालपर्यंत एक झगझगीत उभी रेघ दिसते. घाबरायचं कारण नाही, हा सीसीडी सेन्सरचा, म्हणजे भिंगामागं उजेड टिपणाऱ्या जुन्या पद्धतीच्या चिपचा स्वभाव आहे, खूप उजेड पडला की एका कप्प्यातला चार्ज अख्ख्या रांगेत सांडतो. गंमत म्हणजे फोटोत ती रेघ बहुतेक येतच नाही, कारण फोटोच्या वेळी आतली झडप बंद होते आणि मगच सेन्सर वाचला जातो. ह्या सीसीडीचा शोध १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स ह्या प्रयोगशाळेत लागला, विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांना त्यासाठी नोबेल मिळालं ते २००९ मध्ये, म्हणजे माझा कॅमेरा बाजारात आल्यावर पुढच्याच वर्षी. आता नवीन पोरं म्हणतात सीसीडीचे रंगच वेगळे, त्यात जादू आहे. मला काय तसं वाटत नाही. सेन्सर कुठलाही असो, मुळात उजेडच मोजतो, रंग कसे दाखवायचे ते बरंचसं कॅमेऱ्यातला प्रोसेसर ठरवतो, आणि आपण त्या काळात जे फोटो बघत मोठे झालो ते तसे होते म्हणून आपल्याला ते गोड लागतात. पण पोरं खूष आहेत ना, मग असू दे जादू.

खरा फरक मला दिसतो तो दुसरीकडं. फोन एक फोटो काढतो असं आपल्याला वाटतं, पण तो पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन त्या एकत्र शिजवतो, अंधार उजळतो, आभाळ गडद करतो, चेहरा नीट करतो. ए ५९० एकदा दाबलं की एकच घेतो. चहाच्या गाड्यामागं सूर्य असेल तर गाडा काळा आणि आभाळ पिवळं, मधे तडजोड नाही. गाड्यावरचा माणूस नुसता आकार, हातातल्या किटलीची धार तेवढी चमकते. फोनवर तोच फोटो काढला तर त्याच्या शर्टावरच्या चौकटीसुद्धा मोजता येतात, आणि मग तो फक्त एका माणसाने चहा ओतल्याचा फोटो होतो.

दुपारच्या उन्हात उलटं करायचं, फ्लॅश चालू करायचा. ऐकायला येड्यासारखं वाटतं, पण डोक्यावर ऊन असलं की टोपीखालचा चेहरा काळा पडतो आणि ह्या कॅमेऱ्यातला खरा झेनॉन फ्लॅश, फोनमधल्या एलईडीसारखा मिणमिणता नव्हे, तो त्या चेहऱ्यावर एकदम लखकन उजेड टाकतो. पावसात मात्र जपून. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळं जवळचे थेंब गोल गोल पांढरे बुडबुडे होऊन फोटोभर पसरतात, आणि एखादी आत्या ते बघून घरात कुणाचा तरी आत्मा आहे म्हणते. थंडीत गुऱ्हाळावर गेलो की काहिलीतली वाफ तर अख्खा फोटोच पांढरा करते, तिथं फ्लॅश बंदच ठेवायचा आणि खांबाला टेकून श्वास रोखायचा.

मागचा पडदा अडीच इंची, त्यावर जेमतेम एक लाख पंधरा हजार ठिपके. त्यावर प्रत्येक फोटो झकास दिसतो. हललेलाही. खरं काय ते घरी कार्ड कॉम्प्युटरला लावल्यावर कळतं, म्हणून मी पडदा बंद करून वरच्या बारक्या काचेतून बघतो. ती काच थोडी खोटं बोलते, तिच्यातून दिसतं त्यापेक्षा फोटोत कडेला जास्त येतं. कुणाचं कोपर, मोटरसायकलचा आरसा, शेजारच्या दुकानाच्या पाटीवरचं अर्धं अक्षर, असे न बोलावलेले पाहुणे प्रत्येक फोटोत असतात. हाताने रंगवलेल्या पाट्या आता फ्लेक्समुळं कमीच राहिल्यात, त्यामुळं ह्या पाहुण्यांवर माझा राग नाही.

लोकांचं म्हणाल तर फोन पुढं केला की लोक सावध होतात, रील करतोय काय, कुठं टाकणार काय. हा चंदेरी डबा पुढं केला की उलट उभं राहतात. खरंच. टोपी सरळ करतात, वरचं बटण लावतात, पोरांना पुढं ओढतात, कारण हा कॅमेरा म्हटल्यावर त्यांना लग्न आठवतं. मग विचारतात, "कुठल्या पेपरात येणार ओ?" कुठल्याच नाही म्हटलं की जरा हिरमुसतात, आणि "मग मला पाठवा की व्हॉट्सअ‍ॅपला" म्हणतात. तेही लगेच जमत नाही. ह्यात नेटही नाही, ब्लूटूथही नाही. मग काय करता एवढे फोटो काढून, ह्या प्रश्नाला माझ्याकडं धड उत्तर नाही, मी हसून पुढं जातो.

कधीतरी मात्र प्रिंट काढून देतो. त्यातही एक मेख आहे, स्टुडिओतली नेहमीची साइज चार बाय सहा, आणि ह्या कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन, त्यामुळं आडव्या फोटोतल्या लोकांची डोकी किंवा पाय जातात आणि उभ्या फोटोत कडेचे लोक अर्धे होतात. कापू नका, कडेला पांढरी पट्टी सुटली तरी चालेल, असं सांगावं लागतं, आणि स्टुडिओवाला "बघा हां, नंतर म्हणू नका" असं बजावतो.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढून देतात, तिथल्या एका दादांचा असाच एक फोटो काढला होता. धार संपलेली, हातात चरवी, वर फेस, आणि दादा चरवीत न बघता रस्त्याकडं बघतायत. मला तो फेस हवा होता, तो आलाही छान, बुडबुडा न बुडबुडा दिसतो. प्रिंट नेऊन दिली. त्यांनी हात धोतराला पुसले, फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला, बाजूच्या दोघांना दाखवला आणि मला म्हणाले, "आन् म्हस कुठाय?"

कोपऱ्यात एक शिंग आलं होतं, काचेतून दिसलं नव्हतं ते. मी बोट ठेवून दाखवलं.

"निस्तं शिंग व्हय? अवो फोटो तिचा काढायचा, माझ्यात काय हाय बघण्यासारखं. दिवाळीच्या पाडव्याला या, शिंगं रंगवून, मोरपीस लावून आणतो मिरवणुकीला, तवा काढा. फुल्ल काढा, शेपटीपत्तोर. आन् मोठ्ठा करून आणा, भित्तीला लावायचाय." मी हो म्हणून निघालो तर मागनं ओरडले, "सेल नवं घाला ओ, ती एका जागी थांबत न्हाई!"