पोकळ बेहडा

आमच्या माहेरचं रान संगमेश्वर तालुक्यात, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, वरच्या अंगाला. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर 11 नावं, त्यात एक माझं. फेब्रुवारीत धाकट्या काकांचा फोन आला, "रान विकायचं ठरतंय गो, तुझी सही लागेल." रान विकायचं म्हणजे जमीन नव्हे, तिच्यावरची झाडं. ठेकेदार एकरकमी भाव करतो, मग कटर लागतात आणि जाडबारीक सगळं आडवं होतं.

रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल असंच खासगी मालकीचं आहे. वृक्षतोडीचा 1964 चा कायदा आहे, त्यात आंबा, फणस, ऐन, किंजळ अशा ठराविक जातींना परवानगी लागते. पण त्या यादीत झाडाची जात असते, त्याच्या ढोलीत कोण राहतं ते नसतं.

सहीआधी मी रानात गेले. मधल्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, जुना बेहडा आहे. 30 फुटांवर ढोली, तिचं तोंड लिंपलेलं, मधे बोटभर फट. बुंध्याशी उंबराची फुटकी फळं आणि बियांचा थर. वर पंखांचा मोठा आवाज झाला आणि नर येऊन बसला. धनेश, आमच्याकडे गरुड म्हणतात. घशातून एकेक फळ काढून तो फटीतून आत देत होता.

धनेशाची चोच एवढी मोठी, पण त्याला ढोली कोरता येत नाही. म्हातारं, आतून पोखरलेलं झाडच त्याला लागतं. तोडलेल्या जागी काजूची कलमं कितीही लावा, ती ढोली देणार नाहीत. त्यात तोडीचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत, आणि मादी अंडी घालायला ढोलीत स्वतःला कोंडून घेते तीही याच दिवसांत. आत ती उडायची पिसं गाळते. झाड पडलं तर तिला उडताच येत नाही. हे कळल्यापासून कटरचा आवाज मला सहन होत नाही.

काकांना मी दोष देत नाही. पडवीचं छप्पर गेलंय, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ठेकेदार म्हणाला, "बेहडा पोकळ आहे, लाकूड काही निघायचं नाही, पण गाडीच्या वाटेत येतो." मी माझा वाटा सोडला आणि कागदावर लिहून घेतलं: बेहडा आणि पऱ्याकाठचे उंबर राखायचे, गाडी वळसा घालून न्यायची. बाकी सगळं गेलं. पऱ्यावर फांद्यांवरून पलीकडे जाणारं शेकरू त्यानंतर मला दिसलं नाही.

एप्रिलअखेर पुन्हा गेले. बेहडा उघड्या टेपावर एकटा उभा. ढोलीचं तोंड अजून लिंपलेलं. काका काठी टेकत सोबत आले होते. बराच वेळ वर बघून म्हणाले, "पिल्लू निघालं की पहिल्यांदा बसेल कुठं गो?"

मी पावलं मोजत गेले. सगळ्यात जवळचा उंबर 74 पावलांवर होता.